माहेरच्या चढणीचा कॅमशाफ्ट

मी वारूळवाडीत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, आडनाव ऐकून गाव विचारलं नाही, खोलीत मासेमटण शिजवणार का हेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "बाई, तुमी ज्या यष्टीनं आलात ती खेडच्या घाटात कशी वरडत व्हती?"

मी म्हटलं, "एसटी ओरडते तशीच."

"तसं न्हाय. म्हंजी दम लागल्यागत, का घसा बसल्यागत?"

मी हायस्कूलवर मराठी शिकवायला आले होते. एसटीच्या आवाजाला योग्य विशेषण माझ्याकडे आजवर कुणी मागितलं नव्हतं. मी जरा आठवून "घसा बसल्यासारखी" असं उत्तर दिलं. मालकांनी समाधानाने मान हलवली आणि घराकडे वळून म्हणाले, "आगं, चहा टाक. बाईंना कान हाय." खोली मला मिळाली ती अशी. पुढे माझं लग्न होईपर्यंत मी तिथेच राहिले आणि त्या कानाची किंमत पुरेपूर मोजली.

नव्वदचं दशक संपत आलेलं होतं. मालक तेव्हा पन्नाशीच्या पुढचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, पांढरा पायजमा, आणि डोक्यावर टोपी एवढी वर चढवलेली की ती कुठल्याही क्षणी मागे पडेल असं वाटायचं. टोपी खाली का घेत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "झाकल्या कानाला निम्मंच कळतं." द्राक्षांची बाग आणि टोमॅटो हे सगळं धाकटा भाऊ बघायचा. मालक बागेत जायचे ते फवारणीच्या पंपाचं इंजिन ऐकायला. ऐकून झालं की द्राक्षांकडे न बघता परत यायचे.

रस्त्याने कुठलीही गाडी गेली की डोळे मिटून तिचं दुखणं सांगायचं, ही त्यांची खोड. त्याला वेळकाळ नव्हता. एकदा नदीवर कुणाच्या तरी दहाव्याला सगळे जमले होते. पिंड ठेवलेला, कावळा झाडावर बसलेला, खाली काही यायला तयार नाही. लोक हात जोडून कावळ्याकडे बघत होते आणि मालक पुलाकडे. पुलावरून एक ट्रॅक्टर धूर सोडत गेला. त्या शांततेत मालक म्हणाले, "नोझल गेलंय." सगळ्यांनी माना वळवल्या. तेवढ्यात कावळा शिवला. गेलेल्या माणसाचा जीव नोझलमध्ये अडकला होता, असं गाव पुढे कितीतरी दिवस म्हणत होतं.

काकी, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याला सरावलेल्या होत्या. त्या मुळातच कमी बोलायच्या. त्यांचं माहेर पश्चिमेला, डिंभे धरणाच्याही पलीकडे, डोंगराच्या माथ्यावर. भात आणि नाचणी पिकवणारी माणसं. तिथून त्या या सपाटीवरच्या बागायतदार घरात आल्या, पण चाल डोंगरातलीच राहिली. अंगणातून विहिरीकडे जातानाही पुढे जरा झुकून, चढण चढल्यासारख्या चालायच्या. त्यांच्या बोलण्यात मात्र चढउतार नसायचा. एका सुरात, भाकरी थापता थापता, त्या नवऱ्याला असं काही बोलून जायच्या की मला खोलीत जाऊन हसावं लागे.

मालकांचं पहिलं वेड बैलगाड्याचं. आमच्याकडे चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की घाटात, म्हणजे शर्यतीसाठी राखलेल्या चढत्या धावपट्टीवर, गाडे पळतात. पुढे घोडी, तिच्यामागे कांड्याची बैलजोडी, आणि गाड्याला लागून जुकाटाची. एकेका गाड्याची ती पळापळ, म्हणजे बारी, बघता बघता संपते, आणि तेवढ्यासाठी माणसं वर्षभर बैलांना पोटच्या पोरासारखं जपतात. मालकांकडे कांड्याचा एक बैल होता. तो गेला तेव्हा मालक महिनाभर जेवणाला हो-नाही म्हणत राहिले. दुसरा बैल आणू नका, तुम्हाला परत असं बघवणार नाही, असं काकींनी बजावलं. मालकांनी ऐकलं. दुसरा बैल आणला नाही. त्या जागी गाडी आणली.

गाडी जुनीच, पांढरी, पेट्रोलवर चालणारी. ती बैलाच्याच गोठ्यात उभी राहायची. गव्हाणीत पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि ऑइलचे डबे. चिंचवडच्या एका मिस्त्रीकडून मालकांनी तिला टर्बो बसवून घेतला होता. टर्बो म्हणजे काय ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. इंजिनातून जो धूर बाहेर जातो त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो, आणि तो पंखा बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरतो. "म्हंजी बगा बाई, जेवढं पळंल तेवढं जेवंल, आन जेवढं जेवंल तेवढं पळंल." इंजिन सावकाश चाललं असलं की पंख्याला जोर मिळत नाही, मग टर्बो झोपलेला असतो, हेही त्यांनी सांगितलं. पण घाईघाईने सांगितलं.

टर्बोनंतर तीनेक वर्षं बरी गेली. मग इंजिनातला कॅमशाफ्ट झिजला. आता हा कॅमशाफ्ट म्हणजे एक लोखंडी दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे इंजिनाच्या झडपा दाबून उघडतात आणि सोडले की त्या मिटतात. एका झडपेतून हवा आत, दुसरीतून धूर बाहेर. झडपा केव्हा उघडायच्या, किती उघडायच्या आणि किती वेळ, हे सगळं त्या उंचवट्यांच्या आकारावर. मराठीच्या शिक्षिकेला हे का माहीत असावं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

"कवा उघडायचं आन कवा झाकायचं," मालक म्हणायचे, "एवढंच शास्तर हाय. बाकी समदं लोखंड."

"तोंडालाबी लागू हाय का त्ये?" काकी चुलीपुढून विचारायच्या.

झिजलेला कॅम बदलायचाच होता, तर चांगला चढता बघून घालू, असं मालकांनी ठरवलं. तिथून आमच्या घराला स्वस्थता राहिली नाही. उपवर मुलगी असलेल्या घरात स्थळांशिवाय दुसरं बोलणं नसतं, तसं झालं. अमुक कॅम खाली, म्हणजे इंजिन सावकाश असताना, ओढतो पण वर, म्हणजे भरधाव, पळत नाही. तमुक वर पळतो पण खाली रडतो. दोन माणसं एकाच वेळी बोलू लागली की मालक हात वर करून म्हणायचे, "ओव्हरलॅप लई झाला." सोसायटीच्या मीटिंगमध्येही ते हे म्हणत आणि लोक गप्प बसत, कारण अर्थ कुणालाच माहीत नव्हता.

मला माहीत झाला, तोही फार वाईट रीतीने. सहामाहीचे पेपर तपासायला घेऊन मी माजघरात बसले होते. मालक आले आणि म्हणाले, "बाई, आज तुमाला ओव्हरलॅप दावतो." त्यांनी पुढचं दार उघडलं, मग मागचं दार उघडलं, आणि पुढच्या दारात फवाऱ्याचा मोठा पंखा आणून लावला. "आत यायची झडप उघडी, बाहेर जायची झडपबी उघडी. दोन्ही एकदम. आता बगा," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. आठवी ब चे निबंध मागच्या दारातून थेट गोठ्यात गेले. "बगा, आलेली हवा घरात थांबलीच न्हाय. साध्या इंजिनाला ह्यो वारा चालतो, उलट धूर वढून काढायला मदतच हुते. पर टर्बोवाल्याला न्हाय चालत. मागच्या दाराला टर्बोचा पंखा बसलाय ना, तिथं धूर तुंबतो. मग आत आल्यालं बाहेर तरी जातं, न्हाय तर बाहेरचा धूर माघारी आत. म्हून टर्बोला ओव्हरलॅप कमी पायजे." मी गोठ्यातून 'माझा आवडता प्राणी' गोळा करत होते. एका निबंधावर गाडीशेजारी बांधलेल्या म्हशीने पाय दिला होता. त्या मुलाला मी दोन मार्क वाढवून दिले.

हे सगळं मी अशासाठी सांगते आहे की मालकांना ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांना सगळं ठाऊक होतं. पंखा लावून दाखवण्याइतकं ठाऊक होतं.

शेवटी दोन कॅम उरले. एका रविवारी मालकांनी ते दोन्ही पाटावर मांडले आणि मला बोलावलं. तेल लावून पुसलेले, खाली काकींच्या माहेरचा खण अंथरलेला. एक कॅम मिस्त्रीने सुचवलेला, टर्बोसाठी म्हणून मुद्दाम घासून घेतलेला. उंचवटे बेताचे, ओव्हरलॅप कमी. दुसरा पुण्यातल्या एका शर्यतीच्या गाडीतून निघालेला. मोठमोठे उंचवटे, झडपा खूप वेळ उघड्या ठेवणारा. त्या गाडीने म्हणे पुष्कळ शर्यती मारल्या होत्या. त्या गाडीला टर्बो नव्हता, हे मिस्त्रीने दोनदा बजावून सांगितलं होतं.

"तुमाला कोणता वाटतो?" मालकांनी विचारलं.

मला दोन्ही सारखेच दिसत होते, आणि मी तसं सांगितलं. मालकांच्या चेहऱ्यावर दुःख उमटलं. ते शर्यतीतल्या कॅमवरून बोट फिरवत म्हणाले, "ह्याचं नाव हाय, बाई. ह्यानं बाऱ्या मारल्यात."

बैल घेताना आमच्याकडे असंच बघतात. अमुक घाटात नंबरात आलेला, तमुक यात्रेत गाजलेला. मालकांचा हात नावाकडे गेला तो तसाच गेला. मिस्त्रीचा कॅम खणात गुंडाळून फळीवर ठेवला गेला आणि नाव असलेला इंजिनात बसला.

आणि काय आवाज आला त्या गाडीला. खोटं कशाला बोलू, मलाही आवडला. उभी असली तरी ती डुग, डुगडुग, डुग अशी लंगडत घुमायची, जागच्या जागी खूर आपटल्यासारखी. शनिवारी नारायणगावच्या बाजारात मालक ती मुद्दाम चालू ठेवून भाजी घ्यायला उतरायचे. लोक जमायचे. कुणी म्हणायचं, "पावणं, इंजिन बिघडलंय का?" मालक म्हणायचे, "जागं हाय." हायवेवर ती मोकळी सुटली की टर्बो शीळ घालायचा आणि मालकांचं वय वीस वर्षांनी कमी व्हायचं. बैल गेल्यापासून त्यांना इतकं आनंदात कुणी बघितलं नव्हतं. काकीही एकदा म्हणाल्या, "बरं झालं बाई, हसाय लागलं माणूस."

मग काकींच्या माहेरची यात्रा आली. दरवर्षी काकी गाडीतून जायच्या, जुना कॅम होता तेव्हा गाडी धापा टाकत का होईना वर पोचायची, आणि माहेरच्या दारात गाडीतून उतरणं हा काकींचा वर्षातला एक मोठा सण होता. त्यांनी हिरवी रेशमी साडी नेसली. मीही बरोबर होते. मागे माझ्या शेजारी द्राक्षांच्या पेट्या, टोमॅटोचं क्रेट, नारळ. मंचर, घोडेगाव, धरणाच्या कडेने पुढे. सगळं मजेत चाललं होतं. शेवटची चढण आली. ती चढण म्हणजे रस्ता उभा करून ठेवलेला, आणि मधे एक असं वळण की तिथे गाडी जवळजवळ थांबवूनच फिरवावी लागते.

वळणावर गाडीचा वेग मेला, टर्बो झोपला, आणि नाव असलेल्या कॅमने दोन आचके देऊन मान टाकली. मालकांनी परत चालू केली. परत तेच. तिसऱ्यांदा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा उतरा. वजन कमी हुईल." मी उतरले. मग ते काकींकडे न बघता गप्प बसले. काकीही उतरल्या.

तरी गाडी जाईना. मग मालकांनी ती उताराने मागे मागे सोडत खालच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंत नेली, तिथून इंजिन तापवून धाव घेतली आणि घाटात गाडा सुटावा तशी ती आमच्या अगदी जवळून वर गेली. वळण पार. आवाज सगळ्या डोंगरात घुमला. वरचं गाव बघायला कड्याच्या धारेवर येऊन उभं राहिलं. धुरळा खाली बसला तेव्हा काकींची साडी हिरवी राहिली नव्हती.

आम्ही चालत वर पोचलो तोवर मालक ओट्यावर बसून पाणी प्यायले होते. काकींची भावजय दारात उभी होती. सगळ्या आयाबायांच्या देखत तिने विचारलं, "वन्सं, पावणं तर कवाच आलं गाडीत बसून. तुमी मागनं चालत?"

बायका हसल्या. काकीही हसल्या. दिवसभर त्या सगळ्यांशी नीट बोलल्या, देवाला नारळ फोडला, आईच्या पायाला तेल लावलं. संध्याकाळी निघताना मात्र गाडीकडे फिरकल्याच नाहीत. माझा हात धरून चढण उतरल्या आणि खालून घोडेगावकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसल्या. साडीवरचा धुरळा झटकत बोलल्या, "पोरगी व्हते तवा ही चढण रोज चढायचे, त्याचं काय न्हाय. पर गाडीतनं उतरवून चढायला लावली. माझ्या माह्यारात. आता त्या गाडीत मी बसायची न्हाय."

आणि त्या खरंच बसल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. जेवणाचं ताट वेळेवर, चहा वेळेवर. फक्त मालकांच्या शेजारची सीट रिकामी. जुन्नरला लग्न असलं की मालक गाडीने आणि काकी एसटीने. एकाच घरची दोन पाहुणी मांडवात वेगवेगळी यायची. एकदा मी काकींबरोबर एसटीत मागच्या बाकावर होते. सहज वळून बघितलं तर मागे पांढरी गाडी. पुढे जायला रस्ता मोकळा होता, तरी मालक एसटीच्या धुरातून तिच्या मागे मागे सबंध वाट येत होते. काकींना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हाईतीये. दर टायमाला येत्यात."

मला त्या दिवसांत मालकांचा फार राग यायचा. आणि लोभही तेवढाच होता, हे लपवत नाही. काकींची आई थकली होती. काकींना पंधरवड्यातून एकदा जावं लागायचं. जीप चढणीच्या पायथ्याला सोडायची, आणि आता काकींचे गुडघे पहिल्यासारखे राहिले नव्हते. परत आल्या की संध्याकाळी ओट्यावर बसून गुडघ्याला शेक घ्यायच्या. मालक समोर बसून त्यांच्याकडे बघत राहायचे आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर नवा उपाय करायचे. प्लग बदलले, टायर बदलले, पेट्रोल बदललं. कॅम सोडून सगळं बदललं. मग एकटेच जाऊन चढण चढून यायचे आणि आल्यावर सांगायचे, "मोरीपासनं धाव घेतली की चढती की. म्या आत्ता चढून आलो."

"एकलेच?"

"व्हय."

"मग एकलेच जात जावा सासुरवाडीला," काकी म्हणाल्या.

हे असं वर्षभर चाललं. आता मालक नाहीत. काकी आहेत, आणि मी भेटायला गेले की हे वाक्य त्या स्वतःच मला पुन्हा ऐकवतात आणि पदर तोंडाला लावून हसतात. तेव्हा मात्र त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. रोज संध्याकाळी गोठ्यात डुग, डुगडुग चालू व्हायचं, आणि काकी उठून आतल्या खोलीत जायच्या.

पुढच्या चैत्रात शेजारच्या गावाला गाडे होते. मालक मला म्हणाले, "बाई, एवढी वर्सं राह्यलात आन घाट बगितला न्हाय, बरं दिसत न्हाय." म्हणून मी गेले. बैलगाडा सोडून मालकांना बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं मत अजून विचारलं जायचं. एका तरुण शेतकऱ्याने लांबून एक नामांकित बैल आणला होता. कांड्याला जुंपला होता. बारी सुटली, बैल जोरात पळाला, पण वेग धरायलाच त्याला वेळ लागला. तोवर त्याच गाड्याचे बाकीचे तीन बैल ओढून वैतागले, आणि तो रंगात आला तेव्हा घाट संपला होता. पोरगा रडकुंडीला येऊन मालकांकडे आला. "नाव हाय वं ह्याचं. कुठंबी इचारा. असं कसं झालं?"

मालकांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. खांदा बघितला, खूर बघितले. म्हणाले, "बैलात खोट न्हाय, बाळा. ह्यो लांब पळाचा हाय. तुझा घाट आखूड. घाट बगून बैल घ्यायचा, नाव बगून न्हाय." आणखी काही सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. तो पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असावा.

आम्ही गाडीतून घरी निघालो. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या, त्यांनी एकीचंही दुखणं सांगितलं नाही. घरी आल्यावर फळीवरची खणाची गुंडाळी काढली आणि तशीच घेऊन चिंचवडला गेले. पुढचं मला मिस्त्रीने नंतर सांगितलं, तो एकदा द्राक्षं न्यायला आला होता तेव्हा. म्हणाला, "एवढी वर्षं हा माणूस माझ्याकडे येतोय. दर वेळेला वर किती पळेल हेच विचारायचा. त्या दिवशी येऊन म्हणाला, दोन माणसं, एक तांदळाचं पोतं, उभी चढण, पहिला-दुसरा गिअर. एवढंच कर. वर पळाली न्हाय तरी चालंल."

मिस्त्रीने बेताचा कॅम बसवला, टर्बो लवकर जागा होईल अशी बाकीची जुळवणी केली. गाडी परत आली ती इतकी गुपचूप आली की मी कपडे वाळत घालत होते, मला कळलंच नाही. मालक गोठ्यात इंजिन चालू ठेवून आत बसले होते. टोपी मांडीवर. मी खिडकीशी गेले तर म्हणाले, "ऐका बाई."

मी ऐकलं. शिवणयंत्रासारखा एकसारखा बारीक आवाज. "छान आहे की," मी म्हटलं.

"छानच हाय," ते म्हणाले. "कायबी ऐकाय येत न्हाय." आणि त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली. बाजारात त्या शनिवारी एकही माणूस जमला नाही. मालकांनी भाजी घेतली आणि परत आले. बैल गेला तेव्हाच्यासारखेच ते दिसत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

काकींना त्यांनी काहीच सांगितलं नाही. मला वाटतं, धीर झाला नसावा. आधी वजन घालून चढण बघायची, मग विचारायचं, असा त्यांचा बेत. म्हणून एका सकाळी त्यांनी मला मागच्या सीटवर बसवलं आणि पुढच्या सीटवर काकींच्या जागी गव्हाचं पोतं ठेवलं. पट्टा लावला. मग एक पाऊल मागे जाऊन पोत्याकडे बघितलं, विचार केला, आणि आणखी अर्धं पोतं आणून त्याच्यावर रचलं.

काकी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्ये वरचं अर्धं कशापायी?"

"चढणीचा अंदाज नीट यावा म्हून," मालक म्हणाले.

"खाली उतरवा त्ये."

मालकांनी उतरवलं. मी मागे बसून पदराचा बोळा तोंडात धरला होता. काकी पोत्याकडे बघत राहिल्या. पोतं पट्टा लावून ऐटीत बसलं होतं. मग त्या म्हणाल्या, "दुसरंबी काढा माझ्या जागंवरनं. मी येते." आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या हिरव्या रेशमी साडीत.

घोडेगावला मालकांनी चहाला थांबू का विचारलं, काकी नको म्हणाल्या. चढणीच्या पायथ्याशी मालकांनी मोरीवर गाडी थांबवली नाही, धाव घेतली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये तशीच वर घातली. काकींनी दाराची मूठ घट्ट धरली होती. वळण आलं. गाडी सावकाश झाली, मालकांनी पहिला गिअर टाकला, आणि ती बाई घागर उचलून उभी राहते तशी शांतपणे वळून वर निघाली. मालक रस्ता सोडून काकींच्या त्या हाताकडे बघत होते. मूठ सैल झाली. "म्होरं बगा," काकी म्हणाल्या.

आम्ही वर पोचलो. भर दुपार. गाव जेवत असावं. भावाच्या दारासमोर गाडी उभी राहिली, इंजिन चालू होतं, पण त्याचा आवाज अंगणाच्या पलीकडे जात नव्हता. दार लोटलेलं. ओट्यावर फक्त एक मांजर. शर्यतीचा कॅम असता तर सबंध डोंगर दारात येऊन उभा राहिला असता.

मालक म्हणाले, "कुणाला कळलंच न्हाय." त्यांच्या आवाजात इतकी लाज होती की मला वाटलं, आपण उतरून दार वाजवावं.

काकींनी लोटलेल्या दाराकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं, टोपीपासून हातापर्यंत, नीट. पदर सारखा केला, ताठ बसल्या, आणि मालकांच्या पुढून हात लांब करून हॉर्नवर ठेवला. भावजय भाताने माखलेल्या हातानेच दारात आली. शेजारची दारं उघडली, वरच्या आळीतल्या बायका धारेवर आल्या, कुत्री भुंकायला लागली, तरी काकींनी तो हात उचलला नाही.